मुलाच्या फिटसाठी न्यूरोफीडबॅक करावं का?

खानापूर तालुक्यातल्या एका ताईंचा प्रश्न आहे. मुलगा आठ वर्षांचा, तिसरीत शिकतो. दोन वर्षांपासून फिट येतात. आधी व्हॅल्प्रोएटचं सिरप सुरू झालं, सहा महिन्यांपूर्वी त्यात लेव्हेटिरासिटामची भर पडली. तरीही महिन्या-दीड महिन्यानं एखादी फिट येतेच, आणि ती बहुतेक वेळा पहाटे. अलीकडे मुलगा फार चिडका झालाय, वर्गात लक्ष नसतं अशी बाईंची तक्रार आहे. बेळगावातल्या एका सेंटरमध्ये त्याच्या मेंदूचा रंगीत नकाशा काढून दिला, न्यूरोफीडबॅकच्या, म्हणजे मेंदूच्या लहरी पडद्यावर दाखवून त्या बदलायला शिकवण्याच्या, चाळीस बैठकांचं पॅकेज सांगितलं आणि 'हळूहळू औषधं सुटतील' असंही म्हणाले. ताई विचारतात, करावं का?

मी बेळगावात क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे. अपस्मार, म्हणजे वारंवार फिट येण्याचा आजार, असलेल्या मुलांसोबत बरीच वर्षं काम करते आणि न्यूरोफीडबॅकचं यंत्र स्वतः चालवते, मुख्यतः लक्ष न लागणाऱ्या मुलांसाठी. औषध लिहून देणारी मी नव्हे, ते काम मेंदूविकारतज्ज्ञांचं. तेव्हा डोस किती असावा हे मी सांगणार नाही. पण डॉक्टरांना काय विचारावं आणि कुठला खर्च आत्ता टाळावा, हे सांगू शकते.

आधी मत सांगून टाकते: आत्ता नको. न्यूरोफीडबॅक थोतांड आहे असं मी म्हणत नाही. पण तुमच्या पत्रातल्या तक्रारी बघता त्याची पाळी अजून आलेली नाही.

ताई, तुमच्या एका प्रश्नात तीन प्रश्न आहेत. फिट पूर्ण थांबत नाहीत, हा एक. मुलगा बदललाय, चिडतो, अभ्यासात मागे पडतोय, हा दुसरा. औषधं कधी सुटणार, हा तिसरा. माझ्या अनुभवात आईवडील सेंटरची पायरी चढतात ती बहुतेकदा दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नापायी, आणि सेंटरवाले तिन्हींना मिळून एकच उत्तर विकतात. खरं तर तिन्हींची उत्तरं वेगळी आहेत.

बैठकीत काय होतं ते आधी सांगते, कारण पॅकेज घेईपर्यंत ते कुणी नीट समजावत नाही. मुलाला खुर्चीत बसवतात. टाळूवर मधोमध किंवा थोडं बाजूला, पांढरी पेस्ट लावून एक-दोन इलेक्ट्रोड चिकटवतात आणि कानाला क्लिपा लावतात. आपल्याकडे मुलं डोक्याला चपचपीत तेल लावून येतात, त्यामुळे पहिली दहा मिनिटं डोकं पुसण्यातच जातात. समोरच्या पडद्यावर गाडी किंवा विमान असतं. मेंदूतल्या विजेच्या लहरींत सेकंदाला 12 ते 15 वेळा होणारी एक लय वाढली की गाडी पुढे जाते. 4 ते 7 ची संथ लय वाढली की थांबते. मूल नेमकं काय करतं ते त्यालाही सांगता येत नाही, पण बक्षीस मिळत गेलं की मेंदू हळूहळू ती लय जास्त काढायला शिकतो, अशी कल्पना आहे. अर्धा-पाऊण तास, आठवड्यातून दोन-तीनदा, तीस-चाळीस बैठका.

यातली मेख अशी की मुलानं दात आवळले, कपाळाला आठ्या घातल्या किंवा मान ताठ केली, तर स्नायूंची वीजही त्याच तारांतून आत येते. ती नीट गाळली नाही तर दात आवळल्याचेही गुण मिळतात. मुलं हुशार असतात, तिसऱ्या-चौथ्या बैठकीत हे त्यांच्या लक्षात येतं. गाडी भरधाव निघते, आई खूश, सेंटर खूश. शेजारी बसलेल्या माणसाला कच्ची लहर वाचता येत नसेल तर आपण मेंदूला शिकवतोय की जबड्याला, हे कुणालाच कळत नाही.

या पद्धतीचा उगम मात्र अपस्माराशीच जोडलेला आहे. 1960 च्या दशकात लॉस एंजेलिसमध्ये बॅरी स्टरमन नावाच्या संशोधकानं मांजरांना खाऊचं बक्षीस देऊन ही 12-15 ची लय वाढवायला शिकवलं. पुढे रॉकेटच्या इंधनातल्या एका विषारी रसायनाचा अभ्यास करताना असं दिसलं की शिकवलेल्या मांजरांना त्या रसायनानं बाकीच्या मांजरांइतके सहज झटके येत नव्हते. त्यावरून 1972 मध्ये अपस्मार असलेल्या एका तरुण स्त्रीवर केलेल्या प्रयोगाचा अहवाल आला. नंतर अनेक छोटे अभ्यास झाले. 2009 मध्ये त्यांचा एकत्रित आढावा घेतला गेला. 63 अभ्यासांपैकी हिशेबात धरता येतील असे 10 च निघाले, आणि त्यांतल्या 74 टक्के रुग्णांच्या फिट कमी झाल्या होत्या. हे सगळे औषधांनी आटोक्यात न आलेले रुग्ण होते.

74 टक्के हा आकडा तुम्हाला माहितीपत्रकात मोठ्या अक्षरांत दिसेल. तो खोटा नाही. पण त्याचा अर्थ 'फिट कमी झाल्या' असा आहे, 'थांबल्या' असा नाही आणि 'औषधं सुटली' असा तर मुळीच नाही. अभ्यास लहान, बहुतेकांत तुलनेसाठी योग्य दुसरा गट नाही. आणि फिटच्या बाबतीत तुलनेचा गट का लागतो, हे ज्याच्या घरात हा आजार आहे त्याला चटकन कळेल. फिट कधीच एका चालीनं येत नाहीत. दोन महिने शांत जातात, मग आठवड्यात तीन येतात. घाबरलेली माणसं नव्या उपचाराकडे धावतात ती या वाईट आठवड्यानंतर, आणि वाईट आठवड्यानंतर बरे दिवस तसेही येणारच असतात. सर्दीच्या सातव्या दिवशी घेतलेला काढा नेहमीच गुणकारी ठरतो, तसं हे आहे.

लक्ष न लागणाऱ्या मुलांवरचा एक अभ्यास मला इथे महत्त्वाचा वाटतो, कारण माझं रोजचं काम तेच. अमेरिकेत 7 ते 10 वयाची 144 मुलं घेतली. काहींना खरं न्यूरोफीडबॅक दिलं, काहींना हुबेहूब तसंच दिसणारं खोटं. कुणाला काय मिळतंय ते मुलांनाही ठाऊक नव्हतं, पालकांनाही नाही. 2021 मध्ये निकाल छापून आला. दोन्ही गटांतली मुलं चांगली सुधारली आणि दोन्हींत फरक निघाला नाही. नियमानं येणं, कुणीतरी प्रेमानं शेजारी बसणं, बसल्याबद्दल शाबासकी मिळणं, घरात झोपेचं वेळापत्रक लागणं यांतूनच बराचसा फायदा झाला असावा. त्यामुळे मी ते काम सोडलं नाही, पण पालकांना काय आश्वासन द्यायचं ते पार बदललं.

आता तुमच्या मुलाकडे येते. पत्रात 'फिट' असं लिहिलंय, पण कुठल्या प्रकारची ते नाही, आणि सगळं त्यावर अवलंबून आहे. पहाटे येते म्हणता, तर फिटच्या वेळी काय होतं? तोंडाची एक बाजू वाकडी होऊन लाळ गळते, मूल जागं असतं पण बोलता येत नाही, असं असेल तर या वयात, झोपेत किंवा उठण्याच्या सुमाराला येणारा एक सौम्य प्रकार असतो. तो बहुतेक मुलांमध्ये वयात येईपर्यंत आपोआप जातो. हाच प्रकार आहे असं मी म्हणत नाही, ते ईईजी (मेंदूतल्या विजेच्या लहरींची तपासणी) आणि डॉक्टर ठरवतील. पण समजा असेल, तर पुढच्या काही वर्षांत जो कुणी जो काही उपचार करेल त्याला यश येणार आणि श्रेय त्याच्या पदरात पडणार. उलट, उठल्या उठल्या हातातून कप उडावा असे झटके येत असतील किंवा मूल मधेच काही सेकंद टक लावून बसत असेल, तर प्रकार वेगळा आणि औषधंही वेगळी. एका प्रकारात चालणारं औषध दुसऱ्यात फिट वाढवतं. कार्बामाझेपिन हे त्याचं ठळक उदाहरण, टक लावून बसण्याच्या प्रकारात ते देत नाहीत.

म्हणून पुढच्या फिटच्या वेळी घरातल्या एकानं मुलाला सांभाळावं आणि दुसऱ्यानं मोबाईलवर व्हिडिओ काढावा. चेहरा, दोन्ही हात, दोन्ही पाय दिसू द्या, घड्याळ बघा. हे वाचायला निर्दयपणाचं वाटेल, पण डॉक्टरांना त्या दीड मिनिटातून जे कळतं ते कधीकधी महागड्या तपासणीतूनही कळत नाही. त्या रंगीत नकाशातून तर अपस्माराचं निदान होतच नाही. झोपेतला ईईजी झालाय का ते विचारा. तुमच्या मुलाच्या फिट पहाटेच्या, त्यामुळे फक्त जागेपणी काढलेला ईईजी नॉर्मल आला तरी त्यावर विसंबून चालणार नाही.

दुसरी गोष्ट औषधाच्या मापाची. दोन वर्षांत मूल वाढलं, वजन वाढलं, डोस वाढला का? मुलांचा डोस किलोवर ठरतो. खेड्यातून येणाऱ्या कितीतरी घरांत जुन्या चिठ्ठीवरच मेडिकलमधून बाटली येत राहते. आणि सिरप कशानं मोजता? लेव्हेटिरासिटामच्या बहुतेक सिरपमध्ये 1 मिलीत 100 मिलिग्राम औषध असतं. घरातला चहाचा चमचा कधी तीन मिलीचा, कधी सहाचा. आज आईनं पाजलं, उद्या आजीनं दुसऱ्या चमच्यानं पाजलं, की डोस निम्मा-दुप्पट होऊन जातो. बाटलीसोबत मिळणारं मापच वापरा, सुईशिवायची सिरिंज त्याहून बरी. मेडिकलवाला 'तेच आहे, दुसऱ्या कंपनीचं' म्हणून वेगळी बाटली देतो तेव्हा मिलीतलं प्रमाण वाचून घ्या. कंपनी सारखी बदलत असेल तर डॉक्टरांना सांगा.

झोपेचंही तसंच. गणपतीत रात्री उशिरापर्यंत भजन, लग्नघरी जागरण, जत्रेला जाताना पहाटेची गाडी, आणि या धावपळीत रात्रीचा डोस राहून जातो. मग दोन दिवसांनी फिट येते आणि सगळे म्हणतात औषध लागू पडत नाही. डायरीत फिटच्या आदल्या रात्रीची झोप आणि चुकलेला डोस एवढं लिहिलंत तरी दोन-तीन महिन्यांत चित्र दिसायला लागेल.

चिडचिडीबद्दल मी जरा ठामपणे बोलते. लेव्हेटिरासिटाम सुरू झाल्यावर काही मुलं चिडकी, रडवी, मारकुटी होतात. हा या औषधाचा माहीत असलेला त्रास आहे, मुलाचा दोष नाही आणि तुमच्या वळणाचाही नाही. औषध सुरू झाल्याची तारीख आणि स्वभाव बदलल्याची तारीख शेजारी शेजारी लिहा. जुळत असतील तर डॉक्टरांना दाखवा. डोस किंवा औषध बदलण्याचा निर्णय ते घेतील. इथे चाळीस बैठका लावणं म्हणजे एका औषधाचा त्रास दुसऱ्या खर्चानं झाकणं. लक्ष न लागण्याचंही आधी कारण शोधायला हवं. औषधाची गुंगी आहे, रात्री झोपेत न दिसणारे झटके येतात, की अपस्मारासोबत अभ्यासाची अडचण मुळातच आहे, हे तपासून कळतं.

आता समजा निदान पक्कं आहे, दोन योग्य औषधं पुरेशा डोसनं, न चुकवता दिली, आणि तरीही फिट येतातच. त्याला औषधाला दाद न देणारा अपस्मार म्हणतात, 2010 पासून जगभर हीच व्याख्या चालते. साधारण तीनांतला एक रुग्ण या गटात जातो. तुमचा मुलगा त्यात आहे की नाही हे अजून ठरायचं आहे. असला, तर पुढची पायरी मोठ्या केंद्राची आहे: बेंगळुरूचं निम्हान्स किंवा तिरुवनंतपुरमचं श्री चित्रा. बेळगावहून रात्रीच्या गाडीनं निम्हान्सला जाणारी कुटुंबं पुष्कळ आहेत, आणि त्या एका फेरीचा खर्च पॅकेजपेक्षा बहुधा कमीच होतो. बीपीएल कार्ड सोबत न्या. कर्नाटकातली आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटक योजना आहेच. शिवाय 2023 मध्ये महाराष्ट्र सरकारनं सीमाभागातल्या 865 गावांसाठी महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना लागू करण्याचं ठरवलं. तुमचं गाव त्यात आहे का आणि कागद कुठले लागतात, ते कोल्हापूरकडच्या योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राला विचारून घ्या.

मोठ्या केंद्रात दोन गोष्टींचा विचार होतो. एक शस्त्रक्रिया. नाव काढताच माणसं उठून जातात, पण दिल्लीच्या एम्समध्ये 116 मुलांवर झालेला अभ्यास 2017 मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी 77 टक्के मुलं वर्षानंतर फिटमुक्त होती आणि नुसत्या औषधांवर असलेल्यांपैकी 7 टक्के. प्रत्येक मूल त्यासाठी योग्य नसतं, निवड काटेकोर असते. दुसरा आहार: पिष्टमय पदार्थ जवळजवळ बंद करून तुपा-लोण्यावर, खोबऱ्यावर, अंड्यांवर मुलाला ठेवायचं. जोंधळ्याची भाकरी आणि भात हेच ज्या घरात जेवण, तिथे हे सोपं नाही, आणि आहारतज्ज्ञांच्या देखरेखीशिवाय करूच नये. पण न्यूरोफीडबॅकपेक्षा याच्यामागचा पुरावा कितीतरी भक्कम आहे. सेंटरच्या माहितीपत्रकात या दोन्हींचा उल्लेख मला अजून दिसलेला नाही.

हे सगळं होऊनही तुम्हाला करून बघायचंच असेल, हातात पैसा असेल, मुलाची शाळा बुडत नसेल, तर माझी हरकत नाही. मात्र औषधाला हात लावायचा नाही. अचानक बंद केलेल्या औषधानं न थांबणारी फिट येऊ शकते, त्यात जीव जाऊ शकतो. औषध कमी करण्याचा विचार साधारणपणे सलग दोन वर्षं एकही फिट नसेल तेव्हा सुरू होतो, तोही प्रकार बघून, आणि हळूहळू. हा तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचा जबाब. 'औषधं सोडवतो' म्हणणारा सेंटरवाला असो, की पुड्या देणारा वैदू, त्याच्यापासून लांब राहा. 'जडीबुटी'च्या काही पुड्यांत फेनोबार्बिटोन हे जुनं अ‍ॅलोपॅथीचंच औषध मिसळलेलं सापडलेलं आहे. सौंदत्तीला यल्लम्माच्या दर्शनाला जरूर जा, फक्त औषधाची बाटली पिशवीत असू द्या.

सेंटरला चार गोष्टी विचारा. मुलाच्या मेंदूविकारतज्ज्ञांशी तुम्ही बोलणार का? कच्ची लहर कोण बघतं, आणि त्याला फिटची लहर ओळखता येते का? बैठकीत फिट आली तर काय करणार? आणि पैसे दहा-दहा बैठकांचे घेणार की आगाऊ सगळे? पहिल्याच प्रश्नाला टाळाटाळ झाली तर उठून या. मुलाच्या ईईजीत लुकलुकत्या उजेडानं बिघाड दिसला असेल तर झगमगणारे खेळ त्याला चालणार नाहीत, ते आधी डॉक्टरांना विचारा. काही ठिकाणी बैठकीआधी जोरजोरात श्वास घ्यायला लावतात. टक लावून बसण्याच्या प्रकारात नेमक्या तशाच श्वासानं फिट येते, ईईजी काढताना आम्ही ती मुद्दाम तशीच आणतो. संथ श्वास चालेल, कपालभाती नको. आणि सुरू करण्याआधी निदान तीन महिन्यांची फिटची डायरी हातात असू द्या, नाहीतर फरक पडला की नाही ते सेंटरवाला सांगेल तसं.

तोवर घरात सगळ्यांना एवढं माहीत हवं: फिट आली की मुलाला कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काही द्या, तोंडात चमचा, बोट, पाणी काही घालू नका. कांदा, चप्पल, किल्ली यांनी फिट थांबत नाही. पाच मिनिटांत थांबली नाही तर थेट दवाखाना. नाकात मारायचा मिडाझोलामचा स्प्रे घरी ठेवावा का ते डॉक्टरांना विचारा, तालुक्याच्या गावापासून लांब राहणाऱ्यांना तो फार उपयोगी पडतो. मलप्रभेत, विहिरीवर एकट्यानं पोहणं नको, फणसाच्या झाडावर चढणं नको, चुलीजवळ एकटं बसणं नको. बाकी शाळा, खेळ, सहल चालू राहू द्या, वर्गातल्या बाईंना सगळं सांगून ठेवा.

पुढच्या तपासणीला जाताना व्हिडिओ, डायरी, दोन्ही बाटल्या, मोजायचं माप आणि मुलाचं आजचं वजन घेऊन जा. डॉक्टर कन्नडमध्ये बोलत असतील आणि तुम्हाला अडत असेल तर लाजू नका, 'मराठीत सांगा' म्हणा किंवा बोलणारं माणूस सोबत न्या. अर्धवट कळलेला डोस घेऊन घरी येऊ नका. निदानाचा प्रकार कागदावर लिहून मागा. तो कागद मिळाला की पुन्हा लिहा, मग बैठकांचं बोलू.